दिव्याचे दोष आणि दिव्याची प्रगती

घरगुती दिव्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याच्या दोषांचा आणि त्यांवर शोधलेल्या इलाजांचा इतिहास आहे. कारण एका दोषाचे निवारण करावे आणि त्यातूनच दुसऱ्याने डोके वर काढावे, हा क्रम समईपासून कंदिलापर्यंत अव्याहत चाललेला दिसतो. तिळाचे वा करडईचे तेल दाट असल्याने वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून समईत ते ज्योतीच्या निकट ठेवावे लागे, आणि वात वेळोवेळी पुढे सारून काजळी झाडली नाही, तर दिवा मिणमिणू लागे.

१८५९ साली पेन्सिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागल्यानंतर त्या धंद्याचा विस्तार झाला आणि कालांतराने रॉकेल आपल्याही घराघरांत आले. हे तेल पातळ, सबब खालच्या टाकीतून विनासायास वर चढणारे. परंतु मुबलक हवेवाचून धूर ओकणारे. आर्गां नामक जिनिव्हाच्या संशोधकाने अठराव्या शतकातच ज्योतीभोवती काचेची नळी बसवून हवेचा ओघ वाढविण्याची युक्ती काढली होती. तीच येथे उपयोगी पडली.

तथापि काचेबरोबर नव्या तक्रारीही आल्या. काच काळवंडली की वात फार वर काढलेली आहे, तिची कड वाकडी कातरली आहे, की बर्नरची भोके काजळीने बुजली आहेत, हे पाहावे लागे. तेलात पाणी शिरले, तर ते जड असल्याने टाकीच्या तळाशी, नेमके वातीच्या टोकापाशी साचे आणि ज्योत फडफडे. थंड काचेवर एकाएकी मोठी ज्योत सोडली, किंवा तापल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला, म्हणजे तिचा एक भाग दुसऱ्याच्या आधी प्रसरण वा आकुंचन पावून ती तडकत असे. याकरिता जाणती गृहिणी ज्योत हळूहळू चढवी आणि निवालेली काच कोरड्या राखेने पुसून काढी.

तडकलेल्या काचेला मात्र घरात इलाज नव्हता. ती बदलावीच लागे. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना काढला आणि १९१६ साली कराडनजीक ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, ज्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे खेडोपाडी पोचला. परदेशी कंदिलाच्या या स्वदेशी प्रतिस्पर्ध्याला देशाभिमानाचे पाठबळ होते हे खरेच. परंतु काच फुटण्याचा दोष अखेरपर्यंत निघाला नाही, हेही काचेच्या धंद्यास काही कमी उपकारक ठरले नसावे.