पॅनकेकची फुगवण : एका पाकक्रियेचा सामाजिक इतिहास

एखादी वस्तू अगदी सपाट आहे असे सांगावयाचे असता इंग्रजी भाषिक तिला पॅनकेकची उपमा देतात. ही उपमा निदान सतराव्या शतकापासून रूढ आहे. परंतु अमेरिकेतील डायनर नावाच्या साध्या उपाहारगृहांत जो पॅनकेक मिळतो, तो सपाट नसतो. तो बोटभर जाड, मऊ आणि आतून जाळीदार असतो. भाषेने जुना पदार्थ जपून ठेवला आणि स्वयंपाकघराने तो मागे टाकला, असे येथे झालेले दिसते. हे परिवर्तन कशामुळे घडले आणि त्याचे श्रेय कोणाच्या पदरी पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅनकेक या सामासिक शब्दात केवळ भांड्याचा निर्देश आहे. पदार्थ कसा फुगतो याविषयी तो मौन पाळतो. इंग्लंडमधील पॅनकेक दूध, अंडी व गव्हाचे पीठ यांचा, घावनासारखा पातळ असे. अमेरिकेत त्याला मक्याच्या पिठाची जोड मिळाली आणि जॉनीकेक, होकेक, स्लॅपजॅक अशी नवी नावे प्रचारात आली. अमेलिया सिमन्स हिचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक 1796 मध्ये हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेतच छापलेले ते पहिले ज्ञात पाकशास्त्रीय पुस्तक होय. त्यातील स्लॅपजॅकच्या कृतीत एक क्वार्ट दुधाला चार अंडी सांगितली आहेत. फुगविण्यासाठी अन्य कोणतेही द्रव्य नाही. मात्र त्याच पुस्तकातील काही गोड पदार्थांत पर्लॅश हा क्षार घालण्यास सांगितले आहे. म्हणजे नवे द्रव्य स्वयंपाकघरात आले होते. पण ते अद्याप तव्यापर्यंत पोहोचले नव्हते.

पर्लॅश म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध केलेला पोटॅश. अमेरिकन संघराज्याने 31 जुलै 1790 रोजी दिलेले पहिले पेटंट पोटॅश व पर्लॅश तयार करण्याच्या पद्धतीलाच होते. ते सॅम्युएल हॉपकिन्स याला मिळाले. या क्षाराचा आंबट ताकाशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो व पीठ हलके होते. त्यापूर्वी एक तर अंडी दीर्घकाळ फेसावी लागत, नाही तर बकव्हीटच्या पॅनकेकप्रमाणे पीठ यीस्ट घालून रात्रभर आंबवावे लागे. क्षाराने ही रात्र वाचविली.

पर्लॅशनंतर सॅलरेटस आले. ‘वायुयुक्त मीठ’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून हे नाव बनले आहे. प्रथम ते पोटॅशियमच्या क्षाराला लावीत. पुढे सोडियमचा क्षार, म्हणजेच खाण्याचा सोडा, स्वस्त झाल्यावर तोही त्याच नावाने विकला जाऊ लागला. जॉन ड्वाइट व ऑस्टिन चर्च यांनी 1846 मध्ये या सोड्याचा व्यवसाय सुरू केला. वस्तू बदलली तरी नाव टिकल्यामुळे गृहिणीला आपल्या हातातील द्रव्य नवे आहे याची जाणीव फारशी झाली नसावी. तथापि एक अडचण उरली होती. ताकाचा आंबटपणा रोज सारखा नसतो. सोडा अधिक झाला तर पॅनकेक तुरट व पिवळट होई, कमी पडला तर तो बसे. प्रमाण ठरविणे हे अद्याप करणाऱ्याच्या जिभेचे व अनुभवाचे काम होते.

ही अनिश्चितता बेकिंग पावडरीने दूर केली. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड याने यीस्ट न चालणाऱ्या पत्नीसाठी 1843 मध्ये अशी पावडर तयार केली. जर्मनीत लीबिग याच्या हाताखाली शिकलेला हार्वर्डचा प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड याने 1856 मध्ये कॅल्शियम फॉस्फेटवर आधारलेल्या आम्लद्रव्याचे पेटंट घेतले; युरोपातील मद्यनिर्मितीतून मिळणाऱ्या क्रीम ऑफ टार्टरला त्यामुळे पर्याय लाभला. आम्ल व क्षार आता एकाच डब्यात, मोजलेल्या प्रमाणात आले. पुढे तुरटीच्या जातीचा क्षार मिसळलेली दुहेरी क्रियेची पावडर निघाली. तिचा काही वायू पीठ भिजताच सुटतो, उरलेला तव्याच्या उष्णतेने. भिजविलेले पीठ काही काळ ठेवावे लागणाऱ्या उपाहारगृहांना ही सोय विशेष उपयोगी होती.

घरी असा पॅनकेक करण्याचे नियम या इतिहासातूनच उलगडतात. एक कप पिठास सुमारे दीड चहाचा चमचा पावडर पुरते. ताक वापरल्यास एक कप ताकामागे अर्धा चमचा सोडा लागतो. पीठ दाट ठेवावे व फार घोटू नये, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. घोटल्याने ग्लुटेनचे तंतू ताठ होतात व पॅनकेक चिवट होतो. ते दहा मिनिटे ठेवून सुमारे 190 अंश सेल्सिअस तापलेल्या तव्यावर घालावे. वर आलेले बुडबुडे फुटून छिद्रे तशीच राहू लागली की एकदाच उलटावे आणि दाबू नये, कारण दाबल्याने वायू निघून जातो.

येथवरचा इतिहास शोधांचा झाला; श्रेयाचा इतिहास निराळा आहे. मिसुरीतील सेंट जोसेफ येथे ख्रिस रट हा वृत्तपत्र-संपादक व चार्ल्स अंडरवुड यांनी 1889 मध्ये पीठ, फॉस्फेट, सोडा व मीठ यांचे तयार मिश्रण विक्रीस आणले. नाव मात्र त्यांनी सोंगी गाण्यातून उचलले : आंट जेमायमा. मिश्रण दोन गोऱ्या व्यावसायिकांचे, पण जाहिरातीने ते मळ्यावरील कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीचे वंशपरंपरागत गुपित ठरविले. केंटकीत गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन हिने 1893 च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ती भूमिका वठविली व प्रेक्षकांसमोर पॅनकेक केले. 1923 मध्ये ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो 2020 मध्ये. त्याच वर्षी कंपनीने ते नाव सोडण्याचे जाहीर केले आणि 2021 पासून मिश्रण पर्ल मिलिंग कंपनी या नावाने विकले जाऊ लागले.

जिच्या हाताचा अंदाज बेकिंग पावडरीने अनावश्यक केला, तिचाच चेहरा त्या सोयीच्या डब्यावर छापला गेला. म्हणून ‘घरगुती’ हे विशेषण या पदार्थाला लावताना सावध असावे. डायनरसारखा पॅनकेक घरी करणारा आज ज्या मऊपणाचा पाठपुरावा करतो, तो आजीच्या चुलीइतकाच प्रयोगशाळेचाही वारसा आहे. आणि त्यातील आजीचा वाटा जाहिरातीने लिहून ठेवला, तो तिच्या स्वतःच्या नावाने नव्हे.