लोणारचं गुलाबी पाणी

आमच्या बार्शीकडं खारट विहिरीवर कुणी घागर नेत नाही. असलं पाणी आमच्या लेखी मेलेलंच. बुलढाण्यातलं लोणारचं सरोवर तर खारट आणि अल्कधर्मीही. ‘ऐने अकबरी’त इथल्या साबण-काचेच्या कच्च्या मालाची नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं सरोवराची दखल घेतली. त्यातल्या जिवांची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली. जून २०२० मध्ये पाणी घटलं, क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झालं! पुण्याच्या आघारकर संस्थेला त्यात मीठप्रेमी ‘हॅलोआर्किया’ सापडले, रंग त्यांचाच. आता धोका आहे तो, मंडळी, गोड्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा. ते आत शिरलं, की खारावर पोसलेल्या या जिवांचं घरच मोडतं.