दिसलं म्हणजे कळलं का? मेंदूतला फुगा, पाठीतली गादी आणि पुराव्याची शंभर वर्षं

मागे बसलेल्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक आहे.

आजचा विषय दवाखान्यातला आहे, पण मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे इथे कुणाला उपचार सांगणार नाही. दोन गोष्टी सांगणार आहे, एक डोक्यातली आणि एक पाठीतली. दोन्हींत प्रश्न मात्र एकच आहे.

सुरुवात घरापासून करतो. १९९८ साली माझ्या एका मामांची कंबर धरली. एमआरआय काढला. रिपोर्टात एक ओळ होती, की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागच्या बाजूला फुगलेली आहे. दुखणं दीड महिन्यात थांबलं. तो कागद मात्र मामांना चिकटला. पुढची बारा वर्षं पंगतीला खाली बसणं बंद, एसटीने गावी जाणं बंद, नातीला उचलून घेणं बंद. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझी गादी सरकलीय." मग वेगळ्याच कारणाने ते एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती जुनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "काका, अशी गादी निम्म्या धडधाकट माणसांत सापडते. दुखत नाही ना? मग चाला, वाका, सगळं करा." मामा घरी येऊन एवढंच बोलले, "नात उचलायची राहिली, ती राहिलीच की."

मामांना कुणी फसवलं नव्हतं. फिल्म खरी होती, रिपोर्टही खरा होता. तरी काहीतरी चुकलं. दिसलेलं आणि कळलेलं यांत जे अंतर असतं, त्याचा हा इतिहास आहे.

कवटीच्या आतलं चित्र

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. हाडं दिसू लागली, पण मेंदू दिसेना. कवटीचं हाड स्पष्ट उमटायचं आणि आतला मेंदू, त्यातल्या रक्तवाहिन्या, सगळं एका करड्या सावलीत हरवून जायचं.

१९२० च्या दशकात पोर्तुगालमध्ये लिस्बनला एगास मोनिझ नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ होते. पूर्वी राजकारणात होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत त्यांनी आपल्या देशाचं प्रतिनिधित्वही केलं होतं. त्यांची कल्पना तशी साधी. मेंदू दिसत नाही ना, मग मेंदूकडे जाणारं रक्तच क्ष-किरणांना दिसेल असं करू. मानेतल्या धमनीत एखादं क्षाराचं द्रावण सोडायचं आणि ते मेंदूत पसरत असतानाच फोटो काढायचा. मोनिझ यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले होते, म्हणून सुई धरायचं काम त्यांचे तरुण सहकारी अल्मेडा लिमा यांनी केलं. आधी कुत्र्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर. पहिलं द्रावण ब्रोमाइडचं होतं आणि त्या टप्प्यात एक रुग्ण दगावला. मग आयोडाइड घेतलं. २८ जून १९२७ रोजी एका तरुण रुग्णाच्या फिल्मवर मेंदूच्या धमन्यांचं झाड पहिल्यांदा नीट उमटलं. हीच ती अँजिओग्राफी. आज आपण हा शब्द हृदयासाठी जास्त वापरतो, पण मेंदूची अँजिओग्राफी तेव्हापासूनची आहे.

या चित्राचीही किंमत होती. पुढच्या काळात आयोडाइडऐवजी थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य आलं. त्याने चित्र फार सुरेख यायचं आणि रुग्णाला त्या क्षणी त्रासही कमी व्हायचा. पण त्यात थोरियम होतं, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. तो शरीराबाहेर जातच नसे, यकृतात आणि प्लीहेत मुक्काम करी. पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या अनेकांना यकृताचे कर्करोग झाले. फिल्म पाहणाऱ्याला त्या दिवशी हे दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: काही परिणाम फोटोत येत नाहीत. ते कळायला माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावाच करावा लागतो.

पापणीवरून केलेलं निदान

आता मेंदूतला फुगा म्हणजे काय ते बघू. जुनी सायकलची ट्यूब आठवा. एका जागी रबर पातळ झालं की हवा भरताना तिथेच फुगा येतो. धमनीची भिंत एका जागी कमकुवत झाली की तिथे तसाच फुगवटा येतो. त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. तो फुटला की मेंदूभोवती रक्तस्राव होतो, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होते आणि पुष्कळ माणसं त्यात जातात.

यावरची इतिहासातली मोठी शस्त्रक्रिया २३ मार्च १९३७ ची. अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी एका ४३ वर्षांच्या माणसाची कवटी उघडली, फुग्याच्या मानेवर चांदीची इवलीशी क्लिप बसवली आणि तो बंद केला. गंमत म्हणजे मोनिझ यांचं तंत्र दहा वर्षं जुनं झालेलं असूनही डँडींनी अँजिओग्राफी केली नव्हती. रुग्णाच्या एका डोळ्याची पापणी खाली आली होती. डोळा हलवणारी तिसरी नस मेंदूखाली नेमकी कुठे दाबली गेली असेल, याचा त्यांनी हिशेब केला, आणि फुगा तिथेच निघाला. रुग्ण वाचला.

म्हणजे चित्राशिवाय बरोबर उत्तर येऊ शकतं. पण किती डॉक्टरांना आणि किती रुग्णांत? प्रत्येकाची पापणी खाली येत नाही. म्हणून पुढे अँजिओग्राफीच रुळली, आणि ते योग्यच झालं.

गाठ नव्हे, गादी

डँडी आपल्याला पाठीकडेही घेऊन जातात. १९२९ साली त्यांनी दोन रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांच्या मणक्याच्या पोकळीत कूर्चेचा सुटलेला तुकडा होता आणि तो गाठीसारखा नसांवर दाबत होता. तेव्हा या लेखाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्या काळी पाय धरून ठेवणाऱ्या कळेला, म्हणजे आपल्या सायटिकेला, कारणं अनेक सांगत. गार वारा, वात, सांध्याचा बिघाड. १९३४ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातले विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी एक लेख छापला. 'कूर्चेची गाठ' अशी चिठ्ठी लावून बाटल्यांत ठेवलेले जुने नमुने त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले होते. त्यातल्या बऱ्याच गाठी नव्हत्याच. दोन मणक्यांमधल्या गादीचा तो बाहेर आलेला तुकडा होता. तो काढला की पायाची कळ जाते, असं त्यांनी मांडलं.

हा शोध खरा होता, आजही खरा आहे. त्याला चित्राचीही जोड मिळाली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्टिए यांनी खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून ते मणक्याच्या पोकळीत सोडायला सुरुवात केली होती. तेल जिथे अडेल तिथे अडथळा आहे असं समजायचं. कारण सापडलं, चित्र मिळालं, शस्त्रक्रिया मिळाली. मग जगभर गाद्या काढल्या जाऊ लागल्या.

पण एक प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता. शस्त्रक्रिया केलीच नसती तर काय झालं असतं?

तुलना करायला कोण आहे?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे पुन्हा मोनिझ यांच्याकडूनच कळतं. १९४९ साली त्यांना नोबेल मिळालं. अँजिओग्राफीसाठी मिळालं असेल असं वाटतं ना? नाही. ते मिळालं मानसिक रुग्णांच्या मेंदूतले धागे तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. १९३६ साली त्यांनी वीस रुग्णांचे निकाल छापले होते. पाठपुरावा जेमतेम काही आठवड्यांचा-महिन्यांचा. शस्त्रक्रिया न केलेला तुलनेचा गट नाही. नंतर ही पद्धत जगभर पसरली, हजारो माणसं त्यातून गेली, आणि शेवटी ती सोडून द्यावी लागली. त्याच माणसाचं चित्र टिकलं, उपचार टिकला नाही. चित्र खरं की खोटं हे ताडून बघता येत होतं. उपचार मात्र ताडून न बघताच स्वीकारला गेला.

पाठीच्या बाबतीत हे ताडून बघण्याचं काम नॉर्वेत हेन्रिक वेबर यांनी केलं. १९८३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात सायटिकेचे २८० रुग्ण होते. ज्यांना शस्त्रक्रिया नक्कीच हवी होती ते ६७ आणि जे आपोआप सुधारत होते ते ८७ असे बाजूला केले. उरले १२६. यांच्याबाबतीत डॉक्टरांनाच ठरवता येत नव्हतं. त्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: अर्ध्यांना शस्त्रक्रिया, अर्ध्यांना विश्रांती आणि व्यायाम. एका वर्षाने शस्त्रक्रियावाले स्पष्टपणे पुढे होते. चार वर्षांनी फरक पुसट झाला. दहा वर्षांनी दोन्ही गट सारखेच.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा काढू नका. वेदना लवकर जाणं ही काही छोटी गोष्ट नाही. ज्याची मजुरी बुडते आहे, त्याला एक वर्ष म्हणजे फार. अर्थ एवढाच, की घाई नसणाऱ्याला थांबण्याचाही रस्ता आहे.

आणि आता मामांचा कागद. १९९४ साली अमेरिकेतल्या मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी ९८ अशा लोकांचे एमआरआय काढले, ज्यांची पाठ दुखतच नव्हती. ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे मामांच्या रिपोर्टाच्या चार वर्षं आधी हे छापून आलं होतं. त्यांच्यापर्यंत पोचायला बारा वर्षं जास्तीची लागली.

असे अभ्यास करणं सोपंही नसतं. २००६ साली अमेरिकेतल्या १३ केंद्रांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. ५०१ रुग्णांची चिठ्ठीने विभागणी झाली होती. पण तीन महिन्यांत 'शस्त्रक्रिया' गटातल्या निम्म्याच लोकांनी ती करून घेतली, आणि 'शस्त्रक्रिया नको' गटातल्या ३० टक्के लोकांनी करून घेतली. दुखणारं माणूस चिठ्ठीचं ऐकत नाही, आणि ऐकावं तरी का? दोन्ही गट सुधारले, पण कुठल्या उपचाराने किती, हे चिठ्ठीवरून ठामपणे सांगता येईना.

फुग्याचा निवाडा

मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न जास्त धारदार आहे, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो.

१९९० साली लॉस एंजेलिसमध्ये इटालियन डॉक्टर गुइडो गुग्लिएल्मी यांनी वेगळाच मार्ग वापरला. कवटी उघडायची नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट फुग्यापर्यंत न्यायची, प्लॅटिनमच्या मऊ तारेची गुंडाळी त्यात भरायची आणि सौम्य विजेने ती तार सोडवायची. हे सगळं पडद्यावरचं चित्र बघत. मोनिझ यांचं चित्र आता नुसतं निदानाचं राहिलं नाही, डॉक्टर त्यातच काम करू लागले.

कवटी उघडून क्लिप लावणारे शल्यचिकित्सक म्हणाले, आमचं पक्कं काम आहे. तार भरणारे म्हणाले, आमचं सौम्य आहे. भांडण मिटवायला ब्रिटनच्या पुढाकाराने मोठा अभ्यास झाला. त्याचं नेतृत्व एका रेडिओलॉजिस्टने आणि एका शल्यचिकित्सकाने मिळून केलं, म्हणजे दोन्ही पक्ष आत. फुगा फुटलेले २,१४३ रुग्ण. २००२ साली निकाल आला. वर्षभराने मृत किंवा परावलंबी झालेले तारेच्या गटात २३.७ टक्के, क्लिपच्या गटात ३०.६ टक्के. शंभरात सात माणसांचा फरक.

पण याच अभ्यासाने आपल्या मर्यादाही दाखवल्या. तपासलेल्या साडेनऊ हजारांवर रुग्णांपैकी चारातला एकही धड अभ्यासात आला नव्हता. दोन्ही उपचार चालतील असं दोन्ही डॉक्टरांना वाटलं, तेच घेतले होते. शिवाय नंतर पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण तारेत थोडं जास्त निघालं. म्हणजे 'क्लिप संपली' असा निकाल नव्हता.

आणि न फुटलेले फुगे? हल्ली भलत्याच कारणासाठी स्कॅन काढला की ते सापडतात. १९९८ साली १,४४९ रुग्णांच्या नोंदी तपासून एक आकडा आला: आधी कधी रक्तस्राव न झालेल्यांत, दहा मिलिमीटरपेक्षा लहान फुगा फुटण्याची शक्यता वर्षाला ०.०५ टक्के. हा आकडा फार कमी आहे असा आक्षेप आला, वाद झाला, पुढचे अभ्यास झाले. जागा कुठली, आकार केवढा, यावर बरंच अवलंबून आहे हे कळलं. पण मुद्दा पक्का झाला. सापडलेला प्रत्येक फुगा फुटणार नसतो.

शेवटी

शंभर वर्षांत आपण बघायला शिकलो, हे फार मोठं काम आहे. त्यामागे लिस्बनच्या त्या दगावलेल्या रुग्णासारखी नाव नसलेली माणसं आहेत. पण दिसलेल्याचं काय करायचं, हे चिठ्ठीला तयार झालेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं परत येऊन 'आता कसं वाटतं' हे सांगणाऱ्या रुग्णांनी शिकवलं. पहिल्या प्रकारच्या कामाला नोबेल मिळतात. दुसऱ्या प्रकारचं काम एखाद्या तक्त्यातल्या टक्क्यात विरून जातं.

एक प्रश्न आलाय, घेतो. "मग रिपोर्टाकडे दुर्लक्ष करायचं का?" अजिबात नाही. पाठीच्या दुखण्यात लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. वीज पडल्यासारखी डोकेदुखी झाली तरी तेच. तिथे थांबणं घातक. बाकी वेळी फाइल डॉक्टरांसमोर ठेवली की दोन प्रश्न विचारा: हे जे दिसतंय, त्यानेच मला त्रास होतोय का? आणि काहीच केलं नाही तर माझ्यासारख्यांचं पुढे काय होतं? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात. आमच्या मामांनी ते बारा वर्षं विचारले नाहीत, कारण असे प्रश्न विचारता येतात हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.