लेखणी कुणाच्या हातात? सुझॅना मूडी आणि मेरी प्रिन्स

चळवळीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. आपल्या दुःखावर लिहिणारा वरच्या जातीतला माणूस आपला मानायचा की नाही? काहीजण अशा माणसाला लगेच डोक्यावर घेतात, काहीजण दारातूनच परत पाठवतात. आम्हाला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात. माणूस पूर्ण तपासावा आणि मग हिशेब मांडावा. हा हिशेब कसा मांडायचा, हे एका इंग्रज बाईच्या आयुष्यातून चांगलं समजतं. तिचं नाव सुझॅना मूडी.

सुझॅनाचा जन्म १८०३ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यात, स्ट्रिकलंड घराण्यात झाला. १८१८ मध्ये वडील वारले आणि घर अडचणीत आलं. प्रतिष्ठा होती, पण पैसा नव्हता. या घरातल्या बहिणी लेखणीवर कमावू लागल्या. सुझॅनाही मुलांसाठी गोष्टी आणि कविता लिहू लागली. लंडनमध्ये तिची ओळख थॉमस प्रिंगल यांच्याशी झाली. ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे सचिव होते. त्यांच्याच घरी तिला मेरी प्रिन्स भेटली.

मेरी बर्म्युडा बेटावर गुलामीत जन्मली. लहानपणीच तिला आईपासून तोडून लिलावात विकलं. टर्क्स बेटांवरच्या मिठागरांत खाऱ्या पाण्यात तासन् तास उभं राहून पायांना जखमा होईपर्यंत तिने काम केलं. पुढे तिला अँटिग्वाच्या मालकाने विकत घेतलं आणि १८२८ मध्ये लंडनला आणलं. तिथे ती मालकाचं घर सोडून बाहेर पडली. इंग्लंडच्या भूमीवर तिला कुणी पकडून नेऊ शकत नव्हतं. पण नवरा अँटिग्वात होता आणि तिथे पाऊल टाकताच ती पुन्हा गुलाम ठरणार होती. पैसे घेऊनही मुक्तता द्यायला मालक तयार नव्हता. १८२९ मध्ये तिच्या वतीने ब्रिटिश संसदेत अर्ज गेला, तोही निष्फळ ठरला.

आपली कहाणी जगापुढे यावी हा विचार मेरीचा स्वतःचा होता. प्रिंगल यांनी प्रस्तावनेत तसं स्पष्ट नोंदवलं आहे. मेरी सांगत गेली, सुझॅना लिहीत गेली आणि प्रिंगल यांनी काटछाट केली. १८३१ मध्ये पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यावर सुझॅनाचं नाव नव्हतं. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या अ‍ॅश्टन वॉर्नर या गुलामाची कहाणीही तिने त्याच वर्षी शब्दबद्ध केली. गुलामांचे मालक आणि त्यांची वृत्तपत्रं मेरीला खोटारडी, चारित्र्यहीन ठरवत होती. प्रकरण बदनामीच्या खटल्यांपर्यंत गेलं आणि १८३३ मध्ये मेरीला लंडनच्या न्यायालयात साक्ष द्यावी लागली. त्याच वर्षी गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांना. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही.

सुझॅना तोवर इंग्लंडमध्ये राहिली नव्हती. एप्रिल १८३१ मध्ये तिने जॉन डनबार मूडी या माजी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. लग्नाला मेरी नवे कपडे घालून आली होती. इंग्लंडमध्ये राहून आपला दर्जा टिकणार नाही हे ओळखून नवरा, बायको आणि तान्ही मुलगी १८३२ मध्ये कॅनडाला निघाले. ग्रोस बेटावर कॉलऱ्याच्या साथीत जहाज थांबलं. तिथे उतरलेल्या गरीब आयरिश स्थलांतरितांचं जे वर्णन तिने पुढे लिहिलं, त्यात किळस भरलेली आहे. एका गुलाम स्त्रीचे अश्रू टिपणारी हीच लेखणी!

१८३४ पासून हे कुटुंब डौरोच्या जंगलात राहिलं. ती जमीन मिसिसागा लोकांची होती. १८१८ च्या तहात सुमारे १९ लाख एकर जमीन वर्षाला ७४० पौंडांच्या बोलीवर त्यांच्याकडून घेतली गेली होती. मिसिसागा लोक सुझॅनाच्या घरी येत. त्यांच्या प्रामाणिकपणाचं तिने मनापासून कौतुक केलं. ते संपत चालले आहेत याचं तिला दुःखही झालं. पण त्याचं कारण तिने गूढ नियतीवर टाकलं. जमीन कुणी घेतली आणि तिच्यावर आज घर कुणाचं आहे, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. लुटीला नियती म्हणण्याची ही रीत आम्हाला नवी नाही. आमच्याकडे तिला पूर्वजन्मीचं पाप म्हणतात.

१८५२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘रफिंग इट इन द बुश’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. शेजारीण तिला सुनावते की तुम्ही नोकरांना आपल्या टेबलावर जेवायला बसवत नाही. सुझॅना उलट विचारते, मग तुमच्याकडचा काळा नोकर वेगळा का जेवतो? शेजारीण भडकते आणि म्हणते, काळ्यांच्या पंगतीला कोण बसेल? सुझॅनाने तिचा ढोंगीपणा अचूक पकडला. पण तिच्या स्वतःच्या टेबलावर कुणीच नोकर बसत नव्हता, गोरा नाही आणि काळाही नाही.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचं जे वर्म सांगितलं, ते इथे डोळ्यांसमोर उभं राहतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पायरीवरचा अन्याय दिसतो; आपण उभे आहोत ती पायरी मात्र नैसर्गिक वाटते. सुझॅनाने जंगलात गरिबी भोगली, मुलं वाढवली, नवरा लष्करी कामावर असताना शेत सांभाळलं. तरी श्रेष्ठत्वाची भावना गेली नाही. १८८५ मध्ये टोरोंटोत तिचं निधन झालं. कॅनडाने तिला आपल्या साहित्याच्या आद्य लेखिकांत बसवलं. मेरीचा मागमूस मात्र १८३३ नंतर इतिहासात लागत नाही.

मग हिशेब काय? सुझॅनाने केलेलं काम खरं होतं आणि त्याची नोंद आम्ही कृतज्ञतेने घेतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. उपकार जाणण्यात आमची परंपरा कधी कमी पडली नाही. पण ज्या सहानुभूतीपायी स्वतःची पायरी सोडावी लागत नाही, ती स्वतःच्या जेवणाच्या टेबलापाशी येऊन थांबते. तिच्या भरवशावर मुक्तीचं काम सोडता येत नाही.

मेरीला लिहिणारा हात उसना घ्यावा लागला. सुझॅनाचं पुस्तक निघाल्यानंतर तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी महार-मांगांच्या दुःखावर स्वतः निबंध लिहीत होती. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १९२० मध्ये बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, तोही याच गरजेतून.

म्हणून तरुण मित्रांना आमचं सांगणं एवढंच आहे. वस्तीतल्या आजी-आजोबांच्या आठवणी आज, त्या जिवंत असताना, लिहून घ्या. त्यांचं नाव वर घाला, आपलं खाली. आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. कारण आता लेखणी आपल्या हातात आहे, आणि सुझॅनाला विचारलेला प्रश्न उद्या आपल्यालाही विचारला जाणार आहे.

जय भीम!