ताणक्षम कापड

ताणक्षम कापड म्हणजे ओढल्यास लांबणारे आणि सोडल्यावर मूळ मापावर परत येणारे कापड होय. बाजारात ते ‘लायक्रा’ किंवा ‘स्ट्रेच’ या नावांनी ओळखले जाते. सुती, नायलॉन वा पॉलिएस्टर धाग्यांत स्पॅन्डेक्स या कृत्रिम तंतूचे अल्प मिश्रण करून ते तयार करतात. लेगिंग्ज, जीन्स, तयार ब्लाउज, पोहण्याचे व व्यायामाचे पोशाख यांसाठी त्याचा वापर होतो.

इतिहास

अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील वेन्सबोरो येथे स्पॅन्डेक्सचा शोध लावला. रबराला पर्याय शोधणे हा या संशोधनाचा हेतू होता. ‘लायक्रा’ हे मूळचे त्या कंपनीचे व्यापारी नाव असून, युरोपात या तंतूला इलास्टेन म्हणतात.

रचना व गुणधर्म

स्पॅन्डेक्समध्ये किमान ८५ टक्के पॉलियुरेथेन असते. त्याच्या रेणूसाखळीत मऊ व कठीण असे भाग आलटून पालटून येतात. मऊ भाग गुंडाळलेल्या अवस्थेत असतात व ताण दिल्यावर उलगडतात. कठीण भाग एकमेकांना धरून ठेवतात व साखळ्यांना घसरू देत नाहीत. त्यामुळे हा तंतू मूळ लांबीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक ताणला जाऊनही पूर्ववत होतो. अतिउष्णतेने कठीण भागांची पकड सुटते आणि कापड कायमचे सैल पडते. जीन्समध्ये स्पॅन्डेक्सचे प्रमाण साधारणतः १ ते ३ टक्के, तर पोहण्याच्या पोशाखात १५ ते २० टक्के असते.

ठाणे जिल्ह्यातील संदर्भ

मानवनिर्मित धाग्यांशी ठाणे-कल्याण परिसराचा संबंध जुना आहे. कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन आणि शहाड येथे सेंच्युरी रेयॉन हे रेयॉनचे मोठे कारखाने उभे राहिले. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यापासून मिळणारा अर्धकृत्रिम धागा आहे. मोहने येथील कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्यानंतर कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. भिवंडी यंत्रमागांसाठी, तर उल्हासनगर तयार जीन्ससाठी प्रसिद्ध आहे. उल्हासनगरातील जीन्स धुलाई कारखान्यांचे रंगीत सांडपाणी वालधुनी नदीत मिसळत असल्याच्या तक्रारींनंतर अनेक कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली.

निगा

कापडाची लवचिकता एका अल्प घटकावर अवलंबून असल्याने त्या घटकाचे उष्णता, क्लोरीन व अनावश्यक ताण यांपासून रक्षण करावे लागते.

धुलाई : कपडा उलटा करून थंड किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. घामाचे कपडे बोळा करून ठेवू नयेत. क्लोरीनयुक्त ब्लीचने तंतू पिवळा व ठिसूळ होतो. म्हणून तरणतलावातून आल्यावर पोशाख लगेच साध्या पाण्यात खळबळून काढावा. कापड मऊ करणाऱ्या द्रवाचा थर धाग्यांवर बसून व्यायामाच्या कपड्यांची घाम शोषण्याची क्षमता कमी होते.

वाळवणे : कपडा पिळू नये. ओला कपडा चिमट्याने टांगल्यास पाण्याच्या वजनाने लांबतो. तो दोरीवर दुमडून सावलीत वाळवावा. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात सदनिकांमध्ये कपडे वाळण्यास वेळ लागतो. अशा वेळी गरम हवेच्या यंत्राऐवजी पंख्याचा वारा योग्य ठरतो.

इस्त्री : शक्यतो टाळावी. आवश्यक असल्यास सर्वांत कमी तापमानावर, वर सुती कापड ठेवून फिरवावी. लेबलावरील इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका असल्यास मंद उष्णता, तर चिन्हावर फुली असल्यास इस्त्री वर्ज्य समजावी. कपडे बाहेर इस्त्रीला देताना ही सूचना वेगळी सांगावी.

सुरक्षितता

नायलॉन व पॉलिएस्टर जळताना वितळून त्वचेला चिकटतात. त्यामुळे स्वयंपाक करताना व फटाके उडवताना सुती कपडे अधिक सुरक्षित असतात. भाजल्यास जखमेवर वाहते थंड पाणी घालावे. चिकटलेले कापड ओढून न काढता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

पर्यावरण

मिश्र धाग्यांतून स्पॅन्डेक्स वेगळा काढणे अवघड असल्याने अशा कापडाचा पुनर्वापर मर्यादित आहे. धुताना त्यातील सूक्ष्म कृत्रिम तंतू सांडपाण्यावाटे नदी व खाडीत जातात. कपडे कमी वेळा, थंड पाण्यात व यंत्र पुरेसे भरून धुतल्यास हे तंतू कमी सुटतात आणि कपडाही अधिक काळ टिकतो.