फ्रीलान्स काम : बिल हद्दीपलीकडचे, नियम कुठले?

एकाच मालकाकडे पगारावर न राहता निरनिराळ्या गिऱ्हाइकांची कामे ठरलेल्या मोबदल्यात करणे म्हणजे फ्रीलान्स काम. अनुवाद, डीटीपी, हिशेब लिहिणे, डिझाईन, फोटोग्राफी ही त्यातली नेहमीची कामे. सीमाभागात माणूस बेळगाव-निपाणीत बसून काम करतो आणि गिऱ्हाईक कोल्हापूर किंवा पणजीत असते. पैशांचा घोळ होतो तो इथेच.

जीएसटी : परराज्यात बिल दिले की नंबर काढावाच लागतो, असा सर्रास समज आहे. माल विकणाऱ्याला साधारणपणे तो नियम लागतो, सेवेला नाही. ऑक्टोबर 2017 पासून वर्षाची एकूण उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल, तर परराज्यात सेवा देणाऱ्यालाही नोंदणीची सक्ती नाही.

टीडीएस : कंपनी व्यावसायिक फीमधून सहसा 10 टक्के कापून घेते. ही रक्कम बुडत नाही. पॅनवर जमा झालेली दिसते आणि कर त्याहून कमी बसत असेल तर रिटर्न भरून परत मिळते. मात्र पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांवर जाते.

व्यवसाय कर : कर्नाटक आणि महाराष्ट्रात तो आहे, गोव्यात नाही. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षाला 2,500 रुपये ठेवली आहे.

थकलेले बिल : काम घेण्याआधीच 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. महत्त्वाचे म्हणजे तक्रार काम करणाऱ्याच्या राज्यातील परिषदेकडे करता येते, गिऱ्हाईक देशात कुठेही असो. बेळगावच्या माणसाला वसुलीसाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. त्यासाठी कामाची ऑर्डर, बिल आणि काम पोचल्याचा ई-मेल जपून ठेवावा. नुसत्या फोनवरच्या शब्दावर पुढे काही सिद्ध करणे अवघड जाते.

दर ठरवताना : पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यातले काहीच इथे मिळत नाही. आरोग्य विमा, म्हातारपणाची तरतूद आणि रिकामे महिने धरूनच दर सांगावा. पगाराला तीस दिवसांनी भागून काढलेला रोज शेवटी तोट्यातच जातो.