परवाना सरकारचा, गाणी सिलोनची

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नव्हे. पण आजेसासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलेली रेडिओची हकीगत स्मरणिकेत यावी असे वाटले.

तेव्हा आपले सडक अर्जुनी भंडारा जिल्ह्यात होते, आणि १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात. शेजारच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ होता. त्याच्या परवान्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत. आणि पैसे भरून ऐकायचे काय? १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा मोठा भोक्ता. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवर ती आधी कमी झाली, मग निर्मात्यांशी बिनसून जवळजवळ बंदच पडली. मग लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला. बुधवारी रात्री ‘बिनाका गीतमाला’ लागे.

पण बातम्या पुरुषांच्या, बॅटरीही त्यांचीच! गाण्यांनी ती उतरते म्हणे. बातम्यांनी कशी उतरत नसे कोण जाणे. आजेसासूबाई भात झाकून शेजारच्या ओसरीच्या कडेला उभ्या राहत. एका बुधवारी शेवटचे गाणे लागण्याआधीच घरमालकांनी खटका बंद केला. पहिला नंबर कोणत्या गाण्याचा, हे त्यांना कळलेच नाही. म्हातारपणीही ती रुखरुख त्या बोलून दाखवीत.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारनेच विविध भारती सुरू केली. पुढे परवानाही गेला. आता माझ्या मोबाइलचा महिना अठ्ठावीस दिवसांतच संपतो, आणि गाणे नेमके मध्येच थांबते.